ऑक्टोबरात दाखवलेलं पाणी फेब्रुवारीपर्यंत ठेवा
अमेरिकन नदीवरच्या धरणांतून पाणी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

फॉल्सम आणि त्याच्या खालच्या अंगाला असलेलं निम्बस, या दोन धरणांतून कधी आणि किती पाणी सोडायचं, हे तुम्ही ठरवता. त्याच पाण्यात मांड्यांपर्यंत उभा राहून मी गेली सोळा वर्षं गळ टाकतो आहे. या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. ते मराठीतही लिहितो आहे, कारण कॅलिफोर्नियातल्या या टापूत, फॉल्सम, रोजव्हिल, ग्रॅनाइट बे इथे बरीच मराठी घरं आहेत आणि त्यांच्या नळाला फॉल्सम धरणाचंच पाणी येतं. शनिवार-रविवारी ही मंडळी नदीकाठच्या रस्त्यावर सायकली काढतात, नोव्हेंबरात मुलांना निम्बसच्या मत्स्यबीज केंद्रावर मासे चढून येतात ती पायऱ्यांची शिडी दाखवायला नेतात. नदीच्या पोटात काय चाललं आहे याची मात्र बहुतेकांना गंधवार्ता नाही. मला जे बोलायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलायचं आहे.

मी मूळचा मावळातला. आमच्या घराण्याची भातशेती पवना धरणाखाली गेली. त्याच धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये मी शिकलो आणि पहिली नोकरीही तिथेच केली. त्यामुळे धरण फोडा म्हणणाऱ्यांतला मी नाही. धरण काय घेतं आणि काय देतं, हे दोन्ही मी घरातच पाहिलं आहे.

मावळात मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांना लोंढे येतात आणि मासे उलटे फिरतात. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. आमच्याकडे त्याला वलगण म्हणतात. लहानपणी आजोबांबरोबर कंदील घेऊन मी बांधावर बसलो आहे. अंधारात पाण्यावर शेपट्यांची फडफड ऐकू यायची आणि मध्येच एखादा मासा उडी मारून थेट पायावर पडायचा.

२००९ च्या नोव्हेंबरात मी पहिल्यांदा निम्बस धरणाखाली उभा राहिलो. समोर हाताएवढे लांब, तांबूस पडलेले, अंगावर जखमा असलेले सॅमन मासे एकामागून एक पाण्यातून उसळत होते. घरी फोन करून मी आईला एवढंच सांगितलं, "इथेही वलगण असते, फक्त मासे दहा-दहा किलोचे!"

तेव्हापासून ही नदी माझी झाली. इथली फ्लाय फिशिंगची रीत मी शिकलो. वजन असतं ते दोराला. गळाला पिसांची आणि धाग्यांची हलकी माशी. माझ्या बऱ्याच माश्यांना मी मोरपिसाचा तंतू गुंडाळतो, पाण्यात तो खऱ्या किड्यासारखा लकाकतो. गळाच्या आकड्याला उलटा काटा ठेवायचा नाही. हिवाळ्यात स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा ट्राउट, लागला तर आधी त्याच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे असलेली ती बोटाच्या पेराएवढी पर शाबूत आहे का ते पाहायचं. शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला, केंद्रात वाढवलेल्यांची ती कापलेली असते. त्याला पाण्याबाहेर न काढता सोडून द्यायचं. हे नियम आम्ही मनापासून पाळतो.

आता मुद्द्याचं.

निम्बस १९५५ साली झालं, फॉल्सम १९५६ साली. त्याआधी सॅमन आणि स्टीलहेड या नदीच्या तिन्ही फाट्यांतून सिएरा पर्वताकडे शंभराहून जास्त मैल वर जात. आज त्यांच्या वाट्याला निम्बसच्या पायापासून सॅक्रामेंटो नदीच्या संगमापर्यंतचे तेवीस मैल आहेत, आणि अंडी घालण्याजोगी जागा त्यातल्याही वरच्या टप्प्यातच. म्हणजे एका अख्ख्या नदीची वलगण एका गल्लीत येऊन थांबली आहे. त्या गल्लीला किती पाणी मिळणार, किती गार मिळणार आणि कधी बंद होणार, ते तुमच्या हातात आहे.

सॅमनची मादी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जागा निवडते. गुडघाभर खोल, वेगाचं पाणी आणि मुठीत मावतील असे गोटे तिला लागतात. आडवी होऊन ती शेपटीने गोटे उडवत खळगा करते. त्यात चार-पाच हजार अंडी घालते, वरच्या अंगाचे गोटे उकरून ती झाकते आणि काही दिवसांत मरते. अंडी फुटल्यावरही पिल्लं गोट्यांखालीच राहतात आणि पोटातला बलक संपल्यावर बाहेर येतात. पहिल्या खळग्यापासून शेवटचं पिल्लू बाहेर पडेपर्यंत फेब्रुवारी उलटतो.

मादी जागा निवडते ती त्या दिवशी असलेल्या पाण्यावरून. हजार क्युसेक वाहत असतील तर हजार क्युसेकच्या काठाशी, दोन हजार असतील तर आणखी वर. पुढच्या महिन्यात पाणी कमी होणार आहे हे तिला कळायला मार्ग नाही. धरण नव्हतं तेव्हा ऑक्टोबरनंतर पाऊस यायचा आणि पाणी वाढतच जायचं. तिच्या अंगात मुरलेला अनुभव तेवढाच आहे. ऑक्टोबरात तुम्ही जे पाणी सोडता तो तुमचा शब्द असतो आणि मासा त्या शब्दावर अंडी घालतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

जानेवारी २०१४ मध्ये तो शब्द मोडला गेला. त्याआधीचं २०१३ हे कॅलिफोर्नियाच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं वर्ष. फॉल्सममध्ये जेमतेम सहावा हिस्सा पाणी उरलं होतं. मराठी वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, फॉल्समची क्षमता सुमारे ४२ टीएमसी आहे, म्हणजे पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या जवळपास दीडपट. तलाव इतका आटला की सोनं शोधणाऱ्यांच्या काळातल्या मॉर्मन आयलंड गावाचे दगडी पाये उघडे पडले. आपल्याकडे पवनेचं पाणी उतरल्यावर वाघेश्वराचं मंदिर बाहेर येतं आणि लोक ते बघायला जातात, तशी इथे रीघ लागली होती. मीही गेलो. आजोबांची जमीन डोळ्यांसमोर आली आणि तिथे फार वेळ थांबवलं नाही.

त्याच महिन्यात निम्बसमधून सोडलं जाणारं पाणी, जे शरदात हजार क्युसेकच्या वर होतं, ते पाचशेवर आणलं गेलं. मी सकाळी सेलर बारला गेलो. हा नदीकाठचा गोट्यांचा माळ आहे, सोन्यासाठी नदी उपसणाऱ्यांनी मागे टाकलेला. काठ पंधरा-वीस पावलं आत सरकला होता. जिथे नोव्हेंबरात माद्या आडव्या होऊन खणत होत्या, तिथे कोरड्या गोट्यांवर हिव पडलं होतं. खळगे ओळखू येत होते. सॅमनने घासून टाकलेले गोटे शेवाळाच्या करड्या काठावर फिकट दिसतात, जात्याखाली सांडलेल्या पिठासारखे. त्यातल्या एका खळग्याचे चार गोटे मी उचलले. खाली ओल होती. अंडी होती, वाटाण्याएवढी, पण नारिंगी नव्हती. पांढरी पडली होती. एका अंड्यात दोन काळे ठिपके दिसत होते. ते पिल्लाचे डोळे. मी गोटे होते तसे परत ठेवले. पलीकडे पाण्याच्या कडेला एक बगळा उभा होता, त्याच्या पायाखाली आणखी दोन खळगे होते.

तुम्ही म्हणाल, धरणात पाणीच नव्हतं, सोडणार कुठून? जानेवारीत नव्हतं, हे खरं. शहरांच्या पिण्याच्या पाण्याची चिंता होती, हेही खरं. पण जानेवारीत नसलेलं पाणी त्याआधीच्या उन्हाळ्यात गेलेलं असतं. सॅक्रामेंटो नदी खाली जिथे समुद्राकडे जाते त्या त्रिभुज प्रदेशाच्या, म्हणजे डेल्टाच्या, मुखाशी समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं की ते मागे ढकलायला गोडं पाणी लागतं. त्यासाठी मोठ्या धरणांपैकी सर्वांत जवळचं फॉल्समच आहे. इथून सोडलेलं पाणी साधारण एका दिवसात पोहोचतं, उत्तरेकडच्या शास्ता धरणातून यायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून घाई असली की पहिला हात फॉल्समला लागतो. घरात जो डबा हाताशी असतो तोच आधी रिकामा होतो, तसं हे आहे. तुमची ओढाताण मला कळते. शेतकरी, शहरं, वीज, पूर हे सगळं तुमच्या अंगावर आहे. १९८६ च्या फेब्रुवारीत हे धरण नसतं तर सॅक्रामेंटोचं काय झालं असतं, याची मला जाणीव आहे. पण डबा रिकामा करताना त्यातलं डिसेंबरचं काय, हे जूनमध्येच ठरवायला हवं.

दुसरी तक्रार पाण्याच्या उबेची आहे. सॅमनच्या अंड्यांना सुमारे १३ अंश सेल्सिअसपर्यंतचं पाणी लागतं. त्यापेक्षा फार गरम झालं की अंडी मरतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वर चढून आलेल्या माद्या अंडी पोटात घेऊनच मरतात. स्टीलहेडची पिल्लं उन्हाळाभर नदीतच असतात. त्यांच्यासाठी वॉट ॲव्हेन्यूच्या पुलाशी १८ अंशांच्या आसपासची मर्यादा ठरलेली आहे. हे सगळं गार पाणी फॉल्समच्या तळातून येतं. वीजगृहाकडे पाणी जिथून आत घेतात तिथे झडपा आहेत. त्या उचलल्या की खालचं गार पाणी निघतं. तलाव खाली गेला की तळातला हा गारवाही लवकर संपतो. शिवाय निम्बसच्या मागचा नाटोमा तलाव उथळ आहे, तिथे पाणी उन्हात पुन्हा तापतं. आईने उन्हाळ्यात माठातलं गार पाणी संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी झाकून ठेवावं आणि आम्ही पोरांनी दुपारीच ते संपवावं, तसं दर कोरड्या वर्षी होतं. जूनमध्ये स्टीलहेडच्या पिल्लांना आणि ऑक्टोबरात सॅमनला गारवा कसा पुरवणार, याचा हिशेब मे महिन्यात साध्या भाषेत लोकांसमोर यायला हवा. आज तो तक्त्यांत आणि परिशिष्टांत असतो. मी इंजिनिअर आहे, तरी ते वाचताना मला दोन संध्याकाळ लागतात.

तिसरी गोष्ट मत्स्यबीज केंद्राची. निम्बसच्या केंद्रातून दर वर्षी सॅमनची सुमारे ४० लाख आणि स्टीलहेडची सुमारे ४ लाख ३० हजार पिल्लं तयार करण्याचं उद्दिष्ट असतं. तिथली माणसं मनापासून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नदीबद्दल काही विचारलं की केंद्राकडे बोट दाखवलं जातं, ते मला पटत नाही. हे केंद्र धरणाने घेतलेल्या शंभर मैलांची भरपाई म्हणून बांधलं गेलं. उरलेल्या तेवीस मैलांत पाणी कमी करायची मुभा म्हणून नव्हे. आणि केंद्रालाही पाणी याच धरणातून मिळतं. २०१४ च्या जूनमध्ये पाणी इतकं तापणार असं दिसलं, की तिथले स्टीलहेड आणि शेजारच्या केंद्रातले ट्राउट टँकरमध्ये भरून वेळेआधीच हलवावे लागले. आणखी एक: निम्बसच्या केंद्रातल्या स्टीलहेडचा मूळ वाण इथला नाही, उत्तरेकडच्या ईल नदीवरून आणलेला आहे. या खोऱ्याचा स्वतःचा स्टीलहेड १९९८ पासून संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. तो केंद्राच्या हौदात तयार होत नाही, तो गोट्यांखालीच जन्मतो.

गोट्यांचा विषय थोडक्यात. धरणामागे गोटे अडकतात, खाली नवे येत नाहीत, जुने वाहून जातात. २००८ पासून सेलर बार आणि इतर ठिकाणी ट्रकने गोटे आणून नदीत टाकले गेले आणि पुढच्याच हंगामात माद्या तिथे खणताना मी पाहिल्या. हे काम उत्तम झालं. ते निधी असेल तेव्हा नको, नेमाने हवं.

आणि आता ज्या कारणाने हे पत्र याच वर्षी लिहितो आहे ते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात सॅमनच्या मासेमारीवर बंदी आली. २०२४ मध्येही आली. २०२५ मध्ये समुद्रातली व्यापारी मासेमारी सलग तिसऱ्या वर्षी बंद राहिली, हौशी लोकांना समुद्रात मोजके दिवस मिळाले आणि आमची नदी सॅमनसाठी बंदच राहिली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या होड्या तीन वर्षं धक्क्याला बांधून पडल्या. मी रत्नागिरीचा असतो तर मला हे अधिक चांगलं सांगता आलं असतं, पण होडीचं कर्ज असणाऱ्या घरात बंद हंगाम म्हणजे काय, हे समजायला कोकणातच जन्मावं लागतं असं नाही. आम्ही हौशी आहोत; आमचं पोट त्यावर नाही. आम्ही मुकाट्याने काठ्या भिंतीला टांगल्या. माशांची संख्या खरोखर घटली आहे, बंदी योग्य होती, आणि पुन्हा लागली तर पुन्हा पाळू.

पण ज्याच्या हातात गळ आहे त्याला हंगाम बंद, आणि ज्याच्या हातात झडप आहे त्याने शक्य असेल तेवढं करावं, ही वाटणी मला मान्य नाही. मला पकडलेला जंगली स्टीलहेड घरी नेता येत नाही, नेला तर दंड आहे. कोरड्या पडलेल्या खळग्यातली पाच हजार अंडी कुणाच्याच खात्यावर लागत नाहीत. एका सार्वजनिक बैठकीत मला बोलायला दोन मिनिटं मिळाली होती. मी हाच प्रश्न विचारला. माझं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. उत्तर आजतागायत आलेलं नाही. बैठक होती बुधवारी सकाळी दहा वाजता; मी रजा काढून गेलो होतो.

इथे क्षणभर माझ्या मराठी माणसांकडे वळतो. नोव्हेंबर ते जानेवारी नदीत पाय घालू नका, मुलांना आणि कुत्र्यांना उथळ खळाळात सोडू नका. फिकट गोट्यांचा जो पट्टा दिसतो त्याच्याखाली अंडी आहेत, एका पावलात शेकडो चिरडतात. मासेमारीसाठीसुद्धा वरचा टप्पा नोव्हेंबर-डिसेंबरात बंद असतो, १ जानेवारीला उघडतो. आणि ऑगस्टात अंगणातल्या हिरवळीला पाणी घालताना लक्षात असू द्या, ते त्याच माठातलं आहे.

आता माझ्या मागण्या.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत निम्बसमधून सोडलेलं पाणी माद्यांनी खळगे केल्यानंतर कमी करू नये. तेवढं टिकवणं शक्य नसेल तर सुरुवातीलाच कमी सोडा. मासा थोडं खाली, मधल्या धारेत खणेल. जागा कमी पडेल, पण जे खणेल ते जगेल. आम्हाला जास्त पाणी नको आहे, दाखवलेलं पाणी टिकायला हवं आहे.

कमी करणं अगदीच अटळ झालं, तर आधी खळगे मोजा, किती कोरडे पडतील तो आकडा जाहीर करा आणि मगच झडप फिरवा. अहवाल नंतर, पुढच्या वर्षी, असं नको. पाणी उतरवताना टप्पे लहान ठेवा, आणि बाजूच्या डबक्यांत पिल्लं अडकली तर त्यांना त्याच दिवशी बाहेर काढायला माणसं तयार ठेवा. हाक मारलीत तर आम्ही बादल्या घेऊन येऊ. हे शब्दशः घ्या.

डिसेंबरअखेर फॉल्सममध्ये किमान किती साठा राहिलाच पाहिजे, तो आकडा केवळ नियोजनातला न राहता बंधनकारक व्हावा, आणि तो कोरड्या वर्षांतही पाळला जावा. ओल्या वर्षी त्याची गरजच पडत नाही.

गार पाण्याचा हिशेब दर वर्षी मे महिन्यात एका पानात, साध्या भाषेत प्रसिद्ध करा. गोटे दर वर्षी टाका. आणि वर्षातून एक बैठक संध्याकाळी, कामाची वेळ संपल्यावर, नदीकाठी घ्या.

यातली कुठली मागणी शक्य नसेल तर का शक्य नाही ते लेखी कळवा. माद्या ऑक्टोबरच्या मध्यात खणायला लागतील. उत्तर त्याच्या आत यावं, कारण त्यानंतर तुम्ही सोडलेलं पाणी हेच तुमचं उत्तर असेल आणि त्यांनी ते खरं मानलेलं असेल.

आपला,
अमेरिकन नदीकाठचा एक मराठी रहिवासी
फॉल्सम, कॅलिफोर्निया